पैनगंगेतला बर्फ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बर्फ तीन प्रकारे भेटतो. एक रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. दुसरा लग्नाच्या मांडवात, पाण्याच्या पिंपात तरंगणारा. आणि तिसरा गारांचा, जो फाल्गुन-चैत्रात न बोलावता येतो आणि कापणीला आलेला गहू झोपवून जातो. बँकेच्या नोकरीत या तिसऱ्या बर्फाशी माझा परिचय जास्त. गारपीट झाली की त्या वर्षी पीककर्जाच्या वसुलीचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नसे. याखेरीजचा बर्फ म्हणजे हिमालयातला. आणि हिमालय म्हणजे कॅलेंडरवरचा, सिनेमातला, किंवा निवृत्तीनंतर एकदा चारधामला जाऊन डोळे भरून पाहून यायचा.

शाळेतही तसेच. भूगोलाच्या पुस्तकात हिमनदीचा धडा असतो. हिमनदीचे खनन, वहन, संचयन, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची दरी, हिमोढ. मुले हे सारे पाठ करतात, आकृती काढतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्यांचे तरी काय चुकते? वैशाखात अंगणात उभे राहवत नाही अशा मुलखात हिमनदीचा धडा म्हणजे वाळवंटात पोहण्याचा वर्ग. एखाद्या चौकस मुलाने विचारलेच, की सर, हे कुठे पाहायला मिळेल, तर उत्तर ठरलेले: ते फार लांब आहे, बाळ.

माझे म्हणणे असे आहे, की ते लांब नाही. बर्फाच्या नदीने घासलेला खडक आपल्या विदर्भात आहे. आणि तोही आमच्याच जिल्ह्यात उगम पावणाऱ्या पैनगंगेच्या पात्रात. हे ज्याला कळले त्याचा हिमालयाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो. निदान माझा बदलला.

आधी आमच्या डोंगराविषयी थोडे. बुलढाणा गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कडेवर बसले आहे. आमच्याकडे जिल्ह्याचे दोन भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. राजूर घाट उतरला की मोताळा, मलकापूर. बोथ्याचा घाट उतरला की खामगाव. घाटाखालचे पाणी पूर्णेला जाते, पूर्णा चांगदेवाजवळ तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. घाटावरचे बरेचसे पाणी पैनगंगेचे. ती मेहकरवरून पुढे निघते, वाशीम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ या जिल्ह्यांच्या कडेकडेने जात चंद्रपूरच्या बाजूला वर्धेला मिळते. ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागरात पोचते. आषाढातली एकच सर हा डोंगर दोन समुद्रांना वाटून देतो. त्याची उंची मात्र हिमालयाच्या पायथ्याशी सांगण्याजोगीही नाही.

नव्वदच्या दशकात माझी बदली वणीच्या भागातल्या एका शाखेत झाली. तिथे एका महाविद्यालयात भूगोल शिकवणारे एक गृहस्थ आमचे खातेदार होते. बुलढाण्याचा आहे म्हटल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे पैनगंगेच्या माहेरचे. मग तिच्या सासरचा खडक पाहिलात का?" एका रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेलो. चैत्र संपत आलेला होता, पात्र आटलेले होते. पाण्याची एक धार एका काठाने मुकाट्याने चाललेली आणि बाकी सगळा खडक उघडा. इरई नावाच्या गावाजवळची ही जागा चंद्रपूरपासून पश्चिम-नैऋत्येला सुमारे १० मैलांवर आहे. चंद्रपूरजवळ इरई नावाची नदीही आहे, धरणही आहे. त्यांच्याशी या गावाची गल्लत करू नये. आम्ही दोघे खडकावर उकिडवे बसलेले पाहून म्हशी हाकणारा एक म्हातारा थबकला. म्हणाला, "काय सायेब, गोटे पाहाले आले का एवढ्या उन्हाचे?"

गोटेच पाहायला आलो होतो. तळाचा चुनखडक हात फिरवला तर पाट्यासारखा गुळगुळीत लागत होता आणि त्यावर रेघा होत्या. एक नाही, दोन नाही. एकमेकींना समांतर, सरळ, कुणी पट्टी धरून टोकदार खिळ्याने ओढाव्यात तशा. मी म्हटले, बैलगाडीच्या चाकांच्या असतील. सर हसले. त्यांनी नदीच्या पाण्याकडे बोट दाखवले आणि मला एक प्रश्न विचारला: पाणी दगड घासते तेव्हा तो गोल होतो, गुळगुळीत होतो, त्याला खळगे पडतात. पण पाण्याने सरळ रेघ ओढलेली कधी पाहिलीत?

पाणी रेघ ओढू शकत नाही, कारण पाण्याच्या हातात दगड स्थिर राहत नाही, तो घरंगळतो. रेघ ओढायला दगड घट्ट धरून, वरून दाबून पुढे सरकवावा लागतो, सुतार रंधा चालवतो तसा. हे काम बर्फ करतो. उंचावर पडलेला हिम वर्षानुवर्षे साठत जातो. वरच्या थराच्या वजनाने खालच्या थरातली हवा निघून जाते, त्याचे दाणे होतात, दाण्यांचा घट्ट निळसर बर्फ होतो. जाडी पुरेशी वाढली की तो स्वतःच्याच भाराने उताराकडे सरकू लागतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका सावकाश, पण थांबत नाही. जाताना दरीच्या तळातले आणि कडेचे दगड तो आपल्या बुडाशी गोठवून घेतो, आणि मग शेकडो फूट जाडीच्या बर्फाचे वजन घेऊन ते दगड तळाच्या खडकावर घासत निघतात. खडकाला रेघा पडतात आणि घासणाऱ्या दगडालाही पडतात. त्याची एखादी बाजू सपाट होऊन जाते. घासताना जो चुरा पडतो तो इतका बारीक असतो, की त्याला खडकाचे पीठच म्हणावे. बर्फ वितळला की हे सारे सामान जिथल्या तिथे टाकून तो निघून जातो. लहान-मोठे दगड, रेती, चिखल, कशाचीही निवड नाही. नदी गाळ चाळून टाकते, जड आधी, हलका नंतर. बर्फाला ती शिस्त नाही. इरईजवळ त्या घासलेल्या तळावर असाच एक बेशिस्त थर बसलेला आहे, हिरवट मातीत नाना जातींचे गोटे रुतलेला. त्यातल्या काही गोट्यांवरही त्याच रेघा आहेत.

हे कुणा अलीकडच्या उत्साही माणसाचे संशोधन नव्हे. ओरिसातल्या तालचेर इथल्या कोळशाच्या मुलखात असेच गोट्यांचे थर पाहून हे बर्फाचे काम असावे, असे ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच लिहिले होते. त्यावर सहज विश्वास बसण्यासारखा नव्हता. उष्ण कटिबंधात, समुद्रसपाटीपासून फारशी उंच नसलेल्या जमिनीवर बर्फ? मग १८७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस फेडन यांना आपल्या पैनगंगेत हा रेघांचा खडक सापडला. फेडन यांनी १८७५ मध्ये त्यावर लेख लिहिला. तालचेरला पुरावा गोट्यांचा होता, इथे तळाचा मिळाला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर आधी नुसता अर्ज होता, इथे सातबारा हाती आला.

या थराचे वय सुमारे ३० कोटी वर्षे. त्या वेळी आपली जमीन इथे नव्हतीच. ती दक्षिणेला फार खाली, ध्रुवीय थंडीच्या पट्ट्यात, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांना चिकटून होती. या महाखंडाला जगाने दिलेले नावही आपल्या शेजारचे आहे: गोंडवन. नर्मदेच्या दक्षिणेकडच्या गोंडांच्या प्रदेशावरून ते पडले. याच वयाच्या, याच रेघांचे खडक दक्षिण आफ्रिकेत आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत. आज विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या या भूमींवर एकाच काळात बर्फ कसा? आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये खंड सरकतात असे मांडले, तेव्हा त्याच्या पुराव्यांत या जुन्या बर्फाच्या खुणा होत्या. त्याला हयातीत फार थोड्यांनी मानले. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर एका मोहिमेत त्याचा अंत झाला. कादंबरीकाराने असा शेवट लिहिला असता तर संपादकाने खोडला असता.

पुढची गोष्ट चंद्रपूरकरांच्या रोजच्या ओळखीची आहे. बर्फ ओसरला, हवा उबदार झाली, त्याच खोलगट दलदलीच्या जमिनीवर जंगले वाढली. जिभेच्या आकाराची पाने असलेल्या ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडांची ही जंगले. ती पडली, गाडली गेली, दबली आणि त्यांचा कोळसा झाला. घुग्गुस, बल्लारपूर, वणीच्या खाणींतला कोळसा तो हाच. बर्फाच्या थरावर रचलेला. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. अन्न संपत आले होते तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत याच ग्लोसोप्टेरिसच्या पानांचे ठसे निघाले.

मग ही जमीन उत्तरेकडे निघाली. वाटेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तिच्यावर लाव्हाचे थरांवर थर पसरले. आमचा अजिंठ्याचा डोंगर, घाटावरची काळी माती, लोणारच्या सरोवराचा खडक, ही सगळी त्या लाव्हाची देणगी. आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला जाऊन धडकली. मधला समुद्र मिटला, त्याच्या तळाचा गाळ घड्या पडून वर उचलला गेला. तो हिमालय. आपल्या देवघरात तुळशीपत्राखाली शाळिग्राम असतो. नेपाळातल्या गंडकीचा तो काळा दगड म्हणजे त्या मिटलेल्या समुद्रातल्या एका शंखवर्गीय प्राण्याचा जीवाश्म. १९६२ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असे महाराष्ट्राने अभिमानाने म्हटले. भूगोलाच्या हिशेबाने यात जरा दुरुस्ती हवी. मदतीचे सोडा; दख्खन ज्या भूखंडावर बसले आहे तो धडकला नसता तर हिमालयच उभा राहिला नसता. तो भूखंड अजूनही दर वर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालय अजून पुरता स्थिरावलेला नाही.

एवढी लांबण लावण्याचे कारण असे, की आपण हिमालयात जातो ते पाहुणे म्हणून. तिथला बर्फ हा आपल्याला देखावा वाटतो. इरईचा खडक पाहिल्यावर मला तो घरातला वाटू लागला. ज्या प्रकारे ३० कोटी वर्षांपूर्वी पैनगंगेचा तळ घासला गेला, त्याच प्रकारे आज या क्षणी गंगोत्रीच्या हिमनदीखाली हिमालयाचा तळ घासला जातो आहे. सुमारे ३० किलोमीटर लांबीची ती हिमनदी गोमुखाशी संपते आणि भागीरथी सुरू होते. तिथले पाणी पाहून आपल्याकडची माणसे हिरमुसतात. "गंगा इथेसुद्धा गढूळ?" असे विचारणाऱ्या एका मावशींना मी तिथेच भेटलो आहे. त्या राखट दुधाळ पाण्यात माती नसते, खडकाचे पीठ असते. आपल्याकडे बहुतेक घरांत गंगाजलाची बाटली किंवा सीलबंद तांब्या असतो. काचेच्या बाटलीत असेल तर तळाशी बसलेला तो बारीक पांढुरका थर उजेडात धरून पाहा.

आता मुद्द्याचे. हा बर्फ चालला आहे. गोमुखाच्या जागेची मोजमापे १९३५ पासून आहेत. तेव्हापासून ते दीड किलोमीटरहून अधिक मागे गेले. काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतविकास केंद्राने २०२३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात म्हटले आहे, की हिंदुकुश आणि हिमालयातल्या हिमनद्यांचा बर्फ २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटला. आणि हवेत धूर सोडण्याची आपली रीत अशीच राहिली तर शतकाच्या अखेरीपर्यंत तिथला ८० टक्क्यांपर्यंत बर्फ जाऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या जतनाचे म्हणून साजरे केले आणि २१ मार्च हा दिवस कायमचा हिमनद्यांच्या नावे केला. आमच्याकडे त्या दिवशी वसुलीची धावपळ असते. बँकवाल्याला मार्चमध्ये दुसरे काही दिसत नाही.

हिमनदी म्हणजे डोंगराने ठेवलेली मुदत ठेव. उंचावर हिम पडतो, साठतो, आणि उन्हाळ्यात, नेमकी गरज असते तेव्हा, त्याचे व्याज पाणी होऊन खाली येते. आमच्या पैनगंगेचे खाते चालू खाते आहे. मृगात जमा, मार्गशीर्षापर्यंत खर्च, वैशाखात शिल्लक शून्य. हिमालयातल्या ठेवीचे आज काय चालले आहे? व्याजाबरोबर मुद्दलही खाली येते आहे. काही वर्षे नदीला पाणी जास्तच दिसेल, खातेदार खूशही होईल. मुद्दल मोडून खाणाऱ्या घरात पहिली काही वर्षे मोठी मजेची असतात. मी अशी घरे काउंटरपलीकडून पाहिली आहेत.

यात एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण व्यासपीठांवरून भलतेच सांगितले जाते. बर्फ गेला की गंगा कोरडी पडेल, असे नाही. पाटण्याच्या गंगेत पाणी मुख्यतः पावसाचे आणि जमिनीत मुरलेले असते. हिमनद्यांचा वाटा तिथे थोडाच. सिंधूच्या खोऱ्यात तो मोठा आहे. वरच्या दऱ्यांतल्या गावांना तर उन्हाळ्यात तोच आधार. भीती घालून जागृती होत नाही. भीती ओसरली की माणूस पुन्हा झोपतो.

शिवाय बर्फ जाताना नुसता जात नाही. तो मागे दगडांचे बांध ठेवतो, बांधामागे तळी साचतात. केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदीजवळ असेच एक तळे होते. महात्माजींच्या अस्थी तिथे विसर्जित झाल्या म्हणून त्याला गांधी सरोवर म्हणत. जून २०१३ मध्ये अवेळी जोराचा पाऊस झाला आणि १७ तारखेच्या सकाळी तो दगडगोट्यांचा बांध फुटला. त्या दोन दिवसांच्या उत्पातात उत्तराखंडात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांचा आकडा ५ हजारांच्या वर जातो. मंदिरामागे येऊन अडलेल्या प्रचंड धोंड्यामुळे प्रवाह दुभंगला आणि मंदिर वाचले, असे सांगतात. आज त्याला भीमशिला म्हणून लोक हात जोडतात. जरूर जोडावेत. पण तो धोंडा तिथे कसा आला, हेही हात जोडणाऱ्याला माहीत असावे. केदारनाथची वस्तीच हिमनदीने आणून टाकलेल्या मालावर बसलेली आहे. इरईच्या गोट्यांच्या थरावर हॉटेल बांधावे तशातला प्रकार. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत पाऊसही नव्हता. रोंती शिखराचा खडक आणि बर्फ एकदम तुटून खाली आला, ऋषिगंगेचा वीजप्रकल्प गेला, तपोवनच्या बोगद्यात कामगार अडकले, दोनशेहून अधिक माणसे गेली.

अशा घडणाऱ्या-मोडणाऱ्या डोंगरात आपण किती जणांनी जायचे? २०२३ च्या हंगामात चारधामला गेलेल्यांची संख्या ५० लाखांच्या पुढे होती. रस्ते रुंद हवेत, हेलिकॉप्टर हवे, खोलीत गरम पाणी हवे, जेवायला पिठले-भाकरी मिळाली तर उत्तम. यात्रा कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक मागते ते दुकानदार ठेवतो. जाऊ नका असे मी म्हणणार नाही. मी स्वतः गेलो आहे आणि केदारनाथच्या मागची ती पांढरी भिंत पाहून अंगावर काटा आला होता. पण आमच्या जिल्ह्याला या बाबतीत बोलण्याचा थोडा अधिकार आहे. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला केवढी गर्दी असते, आणि तिथे रांग कशी चालते, स्वच्छता कशी राहते, सेवेकरी किती हलक्या आवाजात बोलतात, हे सगळा महाराष्ट्र जाणतो. तोच भक्त चौदा दिवसांच्या सहलीला निघाला की पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मंदाकिनीच्या काठी टाकून का येतो? रोज ठरावीक माणसांनाच वर सोडावे, बाकीच्यांनी खाली थांबावे, असा नियम कडकपणे लागू झाला तर आपल्यातल्या किती जणांची कुरकुर असेल, आणि किती जण शेगावसारखे मुकाट्याने बसून राहतील? माझी अपेक्षा दुसऱ्या प्रकारच्या माणसांकडून आहे.

आणि एक अवघड गोष्ट, जिला यात्रेच्या नियमांनी उत्तर मिळत नाही. पैनगंगेकाठच्या बर्फावर जो कोळसा झाला, तो आज आपण जाळतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तिथला धूर उडत जाऊन गंगोत्रीवर बसतो, असे मी म्हणत नाही. हिमालयाच्या बर्फावर बसणारी काजळी मुख्यतः उत्तरेकडच्या चुली, वीटभट्ट्या, डिझेल यांची. पण कर्बवायूला जिल्ह्याची हद्द कळत नाही. तो सगळ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो आणि सगळ्याच पृथ्वीला तापवतो. एक बर्फ वितळला म्हणून जंगल आले, जंगलाचा कोळसा झाला, आणि आता त्या कोळशाच्या आचेवर दुसरा बर्फ वितळतो आहे. हे चक्र पुरे व्हायला ३० कोटी वर्षे लागली. शेवटचा फेरा आपण दीडशे वर्षांत उरकला. मी हे लिहितो आहे त्या खोलीत पंखा चालू आहे. वैशाखात तो बंद करा म्हणणारा माणूस विदर्भातला नसावा. म्हणून कुणाला उपदेश करण्याची माझी तयारी नाही. वीज दुसऱ्या मार्गाने करता येते आणि ती आता महागही राहिलेली नाही. आमच्याइतके ऊन फार थोड्यांना मिळते. ते उन्हाळ्यात शिव्या देण्यापुरतेच वापरावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

इरईच्या खडकाबद्दल मात्र मी मागणी करणार. आमच्या लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान आहे, २०२० मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत गेले. परदेशातली माणसे ते पाहायला येतात. इरईचा खडक त्या पंक्तीत बसायला हवा. त्याला कुंपण, बगीचा, सेल्फीची चौकट यांतले काही नको. मराठीत लिहिलेली एक पाटी पुरे आहे आणि वाळू काढायला येणाऱ्या ट्रॅक्टरांना त्या तुकड्यापुरती मनाई. खाणी आणि वाळू या दोन्हींची भूक त्या भागात मोठी आहे, म्हणून ही घाई.

आणि हिमनदीचा धडा शिकवणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती. सहल वेरूळ-अजिंठ्याला नेहमीच जाते. एखाद्या वर्षी ती पैनगंगेबरोबर न्यावी. बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पाहावा, मेहकरला पात्र पाहावे, सहस्रकुंडाचा धबधबा पाहावा आणि शेवटी इरई. एका दिवसात हे होणार नाही, एक मुक्काम लागेल. पावसाळ्यात जाऊ नये, खडक पाण्याखाली असतो. होळीनंतर, परीक्षेच्या आधी जमले तर सर्वांत चांगले. हातोडी कुणाच्याही पिशवीत असू नये. त्याऐवजी प्रत्येक मुलाने पातळ कोरा कागद आणि एक मऊ पेन्सिल न्यावी. लहानपणी आपण नाण्यावर कागद धरून पेन्सिल घासत असू आणि छाप उमटत असे, तसाच तो कागद त्या रेघांवर धरावा. बर्फाचा ठसा घरी नेता येतो आणि खडकाला काही होत नाही.